दात भरावा की मढवावा?

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्या काळी ही म्हण रूढ झाली त्या काळी माणसाच्या दृष्टीने दात एकतर असे किंवा नसे. आज या दोन अवस्थांच्या मध्ये एक तिसरी अवस्था उत्पन्न झाली आहे. दात आहे, पण पोखरलेला आहे. चणे आहेत, पण त्या बाजूने ते फोडण्याचे धैर्य होत नाही. असा दात घेऊन मनुष्य दंतवैद्याकडे जातो तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग ठेवले जातात. खळगा साफ करून त्यात काही भरावयाचे, किंवा दात चहूकडून घासून त्यावर आवरण चढवावयाचे. या आवरणाला इंग्रजीत मुकुट म्हणतात. आपल्याकडे सर्रास 'कॅप' म्हणतात. मराठीत मात्र यासाठी पूर्वीपासून एक चांगला शब्द आहे, तो म्हणजे मढवणे. रुद्राक्ष सोन्याने मढवतात, देव्हाऱ्याची चौकट चांदीने मढवतात, तसाच हा दात मढवणे होय.

भरण्याच्या आणि मढवण्याच्या खर्चात बरेच अंतर असते. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्याला ते अंतर लहान वाटत नाही, आणि स्वस्त मार्ग पत्करला तर दात जाईल, महाग पत्करला तर पैसे उगीच जातील, अशा कात्रीत तो सापडतो. वैद्य सांगेल तेच खरे म्हणून मान डोलावणे एवढेच बहुधा त्याच्या हाती उरते. परंतु हा प्रश्न आजचा नाही. वैद्यांचे आपसांतही यावर एकमत नव्हते, आणि त्यांच्या मतभेदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

दात कोरून पोट भरत नाही असे आपण म्हणतो. परंतु दात कोरण्याची विद्या शेतीइतकीच जुनी असावी असे दिसते. बलुचिस्तानात बोलन खिंडीजवळ मेहेरगढ येथे नवाश्मयुगीन वस्तीचे जे दफनस्थान सापडले, त्यातील नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली छिद्रे आढळली. या दाढा साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या असून त्यांविषयीचे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. छिद्रांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झालेल्या आहेत, म्हणजे छिद्र पाडल्यानंतर ती माणसे जिवंत राहिली आणि जेवली. मणी भोकणाऱ्या कारागिराचीच ही करामत असावी असा तर्क आहे. मात्र त्या छिद्रांत काही भरलेले आढळले नाही.

भरल्याचा पुरावा मिळतो तो स्लोव्हेनियातील लोंचे या गावाजवळच्या गुहेत सापडलेल्या जबड्यात. सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुण माणसाच्या तडकलेल्या सुळ्यावर मधमाश्यांच्या मेणाचा थर आहे. ते मेण त्याच्या हयातीत घातले की मृत्यूनंतर, याविषयी संशोधकांनी २०१२ साली हातचे राखूनच लिहिले. परंतु मेणाची ही कल्पना विलक्षण म्हणता येणार नाही, कारण आपल्या वाग्भटाने किडलेल्या दाताच्या पोकळीत गूळ किंवा मेण भरून ती डागावी असे सांगितलेच आहे. मेणाला संस्कृतात मधूच्छिष्ट, म्हणजे मधाचे उष्टे, असा गोड शब्द आहे. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे सोन्याच्या आवरणाच्या संदर्भात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

चीनमध्ये तांग राजवटीत इ. स. ६५९ मध्ये जो औषधिग्रंथ सिद्ध झाला, त्यात चांदी, कथील आणि पारा यांचा लेप दात भरण्यासाठी सांगितला आहे. युरोपला ही युक्ती सापडण्यास आणखी कित्येक शतके लागावयाची होती. पंधराव्या शतकात इटलीतील जोव्हानी द'आर्कोली हा वैद्य सोन्याचा वर्ख दातात दाबून भरण्याविषयी लिहितो. परंतु दात सांभाळण्याला शास्त्राचे रूप दिले ते फ्रान्सच्या पिएर फोशार याने. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन खंडांच्या ग्रंथाने दंतवैद्यकाला न्हाव्याच्या पाटावरून उठवून शल्यवैद्याच्या पंक्तीला बसविले. दातात किडा असतो ही जगभर पसरलेली समजूत त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहिली, आणि किडा काही दिसला नाही. दात भरण्यासाठी त्याला सोन्यापेक्षा कथील पसंत होते. त्या काळी शिसेही भरीत. म्हणून फ्रेंच भाषेत दात भरण्याला अजूनही शिशावरून आलेलाच शब्द आहे. आपणही 'दाढेत चांदी भरली' असे म्हणतो. वास्तविक त्या चांदीत निम्मा पारा असतो, परंतु बोलताना कोणी पाऱ्याचे नाव काढीत नाही.

फोशारनंतर अठराच वर्षांनी, १७४६ साली, क्लोद मूतों या दुसऱ्या फ्रेंच दंतवैद्याने सोन्याच्या आवरणाचे वर्णन केले. झिजलेल्या किंवा कमजोर झालेल्या दाढेवर टोपीसारखे सोन्याचे कवच बसवावे, आणि पुढच्या दातांवर बसवावयाचे असल्यास त्या सोन्यावर दाताच्या रंगाची मिनाकारी करावी, असे त्याचे म्हणणे होते. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यालाच दोन्ही मार्ग आखले गेले होते. त्यापुढील अडीचशे वर्षांत कोणत्या मार्गाने किती लोक गेले, हे दाताच्या गरजेपेक्षा हाती असलेल्या द्रव्यावर आणि हत्यारावर अधिक अवलंबून राहिले.

एकोणिसाव्या शतकात पहिले वर्चस्व भरण्याचे होते, आणि चांगले भरणे म्हणजे सोन्याचे. सोन्याचा वर्ख तुकड्यातुकड्याने पोकळीत ठोकून बसवावा लागे. त्याला तासन्‌तास लागत, रोग्याला वेदना होत, आणि पैसेही सोन्याचेच पडत. अशा वेळी १८२६ च्या सुमारास पॅरिसमध्ये ताव्हो याने चांदीची नाणी कानसून तो कीस पाऱ्यात कालवून तयार केलेला लेप पुढे आणला. १८३३ साली क्रॉकूर नावाचे बंधू तोच लेप घेऊन न्यूयॉर्कला उतरले. त्यांनी त्याला राजेशाही थाटाचे नाव दिले आणि कीड न काढताच तो पोकळीत दाबण्याचा सपाटा लावला. वेदना नाही, खर्च थोडा, काम क्षणात. मग गिऱ्हाइकांना काय तोटा? परंतु नाण्यांच्या त्या मिश्रणाला फुगण्याची खोड होती. काही दिवसांनी ते दाताच्या वर उचलून येई, किंवा आतून रेटा देऊन दातच तडकवी.

यातून अमेरिकेतील दंतवैद्यांत जो कलह पेटला त्याला इतिहासात 'पारदमिश्रणाचे युद्ध' असे नाव आहे. १८४० साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संस्थेने १८४५ मध्ये सभासदांकडून हे मिश्रण न वापरण्याची प्रतिज्ञा लिहून घेण्यास सुरुवात केली. ज्यांनी ती केली नाही त्यांना दूर करण्यात आले. पाच वर्षांनी, १८५० मध्ये, प्रतिज्ञा मागे घ्यावी लागली, आणि १८५६ मध्ये संस्थाच विसर्जित झाली. पाऱ्याच्या विषारीपणाची भीती खरी होतीच. परंतु सोने ठोकण्याचे कसब ज्यांनी कष्टाने मिळविले होते त्यांना आपला धंदा बसण्याचीही भीती होती, हे नाकारता येत नाही. शास्त्राच्या वादात पोटाचा प्रश्न मिसळला की तो वेगळा काढणे कठीण जाते, याचे हे चांगले उदाहरण आहे. युद्धात सोने हरले, कारण गरिबाच्या दाताला सोने परवडण्यासारखे नव्हते.

पारदमिश्रणाला खरी प्रतिष्ठा मिळवून दिली ती इलिनॉय प्रांतातील ग्रीन व्हर्डिमन ब्लॅक या दंतवैद्याने. चांदी आणि कथील यांचे कोणते प्रमाण घेतले असता मिश्रण फुगत नाही व आकसत नाही, हे त्याने प्रयोगांनी ठरविले व १८९५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. खळगा कसा कोरावा याचे नियमही त्यानेच घालून दिले. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ पुढे दोन पिढ्या प्रमाण मानला गेला. भिंती उभ्या, तळ सपाट, आणि किडीच्या पलीकडची जी फट उद्या किडण्यासारखी असेल तीही आजच कोरून घ्यावी, असा त्याचा दंडक होता. त्याचा हेतू निर्मळ होता. परंतु या दंडकाची किंमत दाताला मोजावी लागली. पारदमिश्रण दाताला चिकटत नाही. ते नुसते अडकून राहते. ते अडकावे म्हणून खळगा तळाशी रुंद करावा लागे, आणि त्यासाठी निरोगी दातही खणला जाई. अशा रीतीने दात भरला तरी त्याच्या भिंती मात्र पातळ होत.

हे का घातक ठरते, ते जुन्या वाड्याच्या उपमेने समजेल. दाढेच्या माथ्यावर पुढे व मागे जे दोन उंच काठ असतात, ते वाड्याच्या आडव्या तुळईप्रमाणे समोरासमोरच्या भिंतींना धरून ठेवतात. मध्ये झरोका पाडला तर वाड्याला फारसा धोका नसतो. तुळई कापली की भिंती बाहेर झुकू लागतात. १९८९ साली रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी हे प्रत्यक्ष मोजले. दाताच्या मुळातील नाड्या साफ करण्यासाठी, म्हणजे रूट कॅनालसाठी, वरून पाडलेल्या छिद्राने उपदाढेचा ताठपणा सुमारे ५ टक्केच कमी होतो. माथ्यावर खळगा कोरला तर २० टक्के. परंतु दोन्ही काठ कापले गेले की ६३ टक्के. म्हणजे मुळाचे काम केल्यामुळे दात ठिसूळ होतो ही समजूत बहुतांशी चुकीची असून, त्याआधी किडीने आणि कोरणीने जे नेले त्यामुळेच तो दुबळा होतो.

अशा दुबळ्या दाताला कवचाने आवळून धरणे हा स्वाभाविक विचार होय. १८७० नंतर अमेरिकेत सोन्याच्या कवचांचा सुळसुळाट झाला. पत्रा ठोकून केलेली ही कवचे दाताच्या कडेला नीट बसत नसत. ती नीट बसू लागली ती ओतकामामुळे. मेणाचा हुबेहूब नमुना करावयाचा, त्याभोवती साचा बांधावयाचा, तापवून मेण घालवावयाचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत सोने ओतावयाचे, ही पद्धत आयोवातील फिलब्रुक याने १८९७ मध्ये मांडली आणि १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट याने न्यूयॉर्कमध्ये दाखवून ती सर्वत्र रूढ केली. आपल्याकडील मूर्तिकारांना यात काही नवल वाटले नसते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने रचविलेल्या 'मानसोल्लासा'त देवमूर्ती ओतण्याची हीच रीत सांगितली आहे. तिचे साधन तेच मधूच्छिष्ट! मराठी भाषेच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदांमुळे परिचित आहे. ज्या मेणाने वाग्भटाने दात भरावयास सांगितला, त्याच मेणाने पुढे दाताचा मुकुट घडविला जावा, हा योग मोठा मनोरंजक आहे.

सोन्याला नाके मुरडणाऱ्यांसाठी डेट्रॉइटच्या चार्ल्स लँड याने १९०३ च्या सुमारास चिनीमातीचे कवच सिद्ध केले. १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडणारा वैमानिक लिंडबर्ग हा या लँडचा नातू. परंतु लँडचे कवच ठिसूळ होते, आणि खऱ्या अर्थाने मढवण्याचे युग सुरू होण्यापूर्वीच त्यावर एक मोठे संकट कोसळले.

१९१० च्या ऑक्टोबर महिन्यात विल्यम हंटर या लंडनच्या वैद्याने कॅनडातील माँट्रिऑल येथे मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिले. कुजलेल्या, पू धरलेल्या मुळांवर चढविलेल्या सोन्याच्या कवचांना त्याने अगदी थडग्यांची उपमा दिली. वरून सोने झळकते आहे, आत सडणे चालू आहे आणि त्याचे विष सर्व शरीरात भिनते आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या टीकेत तथ्य होते. कवच चढविले की खालचे दिसत नाही, आणि न दिसणारी गोष्ट नीट करण्याची निकड कारागिराला राहत नाही. परंतु या टीकेतून निघालेला निष्कर्ष मात्र भलताच होता. संधिवातापासून वेडापर्यंत प्रत्येक रोगाचे मूळ दातात शोधले जाऊ लागले. पुढची वीस-पंचवीस वर्षे, गाभा मेलेला प्रत्येक दात उपटावा असे म्हणणारा पक्ष प्रबळ झाला. किती निर्दोष दात या लाटेत गेले त्याची गणती नाही. क्ष-किरणांचा दंतवैद्यकात प्रथम उपयोग करणाऱ्यांपैकी एक, न्यू ऑर्लिन्सचा एडमंड केल्स, याने या उपटाउपटीचा जाहीर निषेध केला. दात भरावा की मढवावा हा वाद काही काळ असा तिसऱ्याच मार्गाने मिटविला गेला.

याच सुमारास आपल्या देशात या विद्येची पायाभरणी होत होती. तोपर्यंत मोठ्या शहरांतून चिनी दंतवैद्यांचे दवाखाने आणि खेड्यापाड्यांतून बाजाराच्या दिवशी चिमटा घेऊन बसणारे दात काढणारे एवढाच काय तो आधार होता. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात शिकून आलेले डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ च्या कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची शिस्त लागली. १९६४ मध्ये अहमदांना पद्मभूषण मिळाले. परप्रांतात, मराठी वस्तीपासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना आज कोठल्याही गावी नोंदणी झालेला दंतवैद्य सापडतो, त्यामागे या मनुष्याचे अर्धशतकाचे श्रम आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन शोध जवळजवळ एकाच वेळी लागले, आणि त्यांनी या वादाचे दोन्ही पक्ष बळकट केले. पहिला शोध वेगाचा. १९५७ मध्ये वाऱ्याच्या दाबाने मिनिटाला दोन-अडीच लाखांहून अधिक फेरे घेणारे यंत्र बाजारात आले. पूर्वी पायाने चालविलेल्या यंत्राने दाताचे कठीण दंतवल्क चहूकडून घासणे म्हणजे वैद्य आणि रोगी दोघांची परीक्षा असे. आता ते काही मिनिटांचे काम झाले. १९६२ मध्ये धातूवर चिनीमाती पक्की भाजून बसविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले गेले, आणि बळकट तरीही दातासारखे दिसणारे कवच मिळू लागले. मढवणे सोपे झाले म्हणून ते वाढले. परंतु अशा कवचासाठी दाताचा दिसणारा भाग जवळजवळ दोन-तृतीयांश घासून टाकावा लागतो, असे २००२ मधील मोजणीत आढळले. शिवाय त्या घासणीच्या धक्क्याने काही जिवंत दातांचा गाभा पुढे मरतो, तो वेगळाच.

दुसरा शोध चिकटण्याचा. १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर याने दंतवल्कावर सौम्य खरवड उत्पन्न करणारे फॉस्फोरिक आम्ल लावले आणि त्यावर राळेसारखे द्रव्य घट्ट बसते असे दाखविले. १९६२ मध्ये राफेल बोवेन याच्या नव्या राळेचे पेटंट झाले. आज दाताच्या रंगाचे जे भरण सर्वत्र वापरतात त्याचे मूळ या दोघांच्या कामात आहे. चिकटणाऱ्या द्रव्याला अडकण्यासाठी जास्त खणावे लागत नाही; इतकेच नव्हे, तर ते पातळ भिंतींना एकमेकींशी सांधून ठेवते. ब्लॅकचा दंडक यामुळे निकालात निघाला. पारदमिश्रणाचाही काळ आता सरत आला आहे. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला आणि २०२५ च्या आरंभापासून युरोपीय संघाने त्याचा दातांतील वापर, अपवाद सोडल्यास, बंद केला. त्याचे कारण रोग्याच्या तोंडापेक्षा नदी-समुद्रात जाणारा पारा हे अधिक आहे.

मग शेवटी निवाडा काय? सरकारी कचेरीत काम करणाऱ्याला फाइलीच्या अखेरीस एक स्पष्ट शिफारस लिहिण्याची सवय असते. येथे ती एका वाक्यात लिहिता येत नाही. आयोवा विद्यापीठात, म्हणजे अहमदांच्याच विद्यापीठात, मुळाचे काम झालेल्या दातांची नोंद पाहता, न मढविलेले दात मढविलेल्यांच्या सहापट प्रमाणात गमावले गेले, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा ऐकला की कोणीही मढविण्यास धावेल. परंतु जे दात मुळातच बरे होते तेच वैद्यांनी मढविण्यास निवडले असतील, ही शंका अशा नोंदींत राहतेच. चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट केलेले प्रयोग २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने शोधले, तेव्हा तिला अवघा एक सापडला. तो ११७ माणसांचा आणि तीनच वर्षांचा होता, आणि त्यावरून कोणतीही बाजू श्रेष्ठ ठरविता आली नाही. शतकानुशतके चाललेल्या वादाची ही शिदोरी म्हणावयाची!

याहून विस्मयकारक गोष्ट स्कॉटलंडमधील आहे. तेथील ॲबरडीनशायरमध्ये नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर, कीड मुळीच न कोरता, पोलादी टोपी नुसती दाबून बसवीत. क्रॉकूर बंधूंची आठवण यावी असाच हा प्रकार! परंतु त्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि पुढे १३२ मुलांवर रीतसर प्रयोग झाला, तेव्हा नेहमीच्या भरण्यापेक्षा ही टोपीच सरस ठरली. कीड बंदिस्त झाली आणि तिचे अन्न तुटले की ती थांबते. म्हणजे झाकणे हे सदैव लपवणेच असते असे नाही. आत काय झाकतो आणि ते किती घट्ट झाकतो, यावर सर्व अवलंबून आहे.

या साऱ्या इतिहासातून सामान्य माणसाच्या उपयोगी पडतील असे तीन प्रश्न मात्र निघतात. दाताचे दोन्ही काठ शाबूत आहेत काय? आतला गाभा जिवंत आहे काय? दात पुढचा आहे की चावण्याचा भार घेणारा मागचा? काठ शाबूत असलेला जिवंत दात मढविण्यासाठी घासणे म्हणजे घर चांगले असता ते पाडून बांधणे होय. उलट मुळाचे काम झालेली, काठ गेलेली दाढ नुसती भरून ठेवली तर एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने ती उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की मग तिला कोणताही मुकुट वाचवू शकत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जे असंख्य दात आहेत, त्यांच्यासाठी केवळ माथा झाकणारे अर्धे कवचही असते, हेही विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भरणे काय आणि मढवणे काय, दोन्ही कायमची नव्हेत. प्रत्येक भरण कधीतरी बदलावे लागते, आणि बदलताना खळगा थोडा मोठाच होतो. लहान भरणातून मोठे, मोठ्यातून कवच, कवचातून मुळाचे काम आणि शेवटी चिमटा, अशी ही उतरंड असते. ती जितकी उशिरा सुरू होईल आणि जितकी सावकाश उतरता येईल तितके बरे. घासलेला दात परत येत नाही. भरलेला दात मात्र पुढे केव्हाही मढविता येतो. म्हणून जेथे दोन्ही पक्ष समान वाटतील तेथे आज भरून घेऊन मढवणे उद्यावर ठेवण्यात शहाणपणा आहे, असे मला वाटते. दंतवैद्याच्या खुर्चीत तोंड उघडण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारण्यासाठी ते एकदा उघडले, तर त्याने रागावण्याचे काही कारण नाही.